प्रतिसाद: हॉट रॉडची परंपरा कोणी टिकवली?
कारखान्यातूनच ताकदवान गाड्या मिळू लागल्यावर घरी हॉट रॉड (वेगासाठी बदललेली जुनी गाडी) बांधण्याची हौस संपली, हे चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. पीट चापुरिस आणि जिम 'जेक' जेकब्स यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात जुन्या फोर्डसाठी चासीचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे, सुटे भाग विकायला सुरुवात केली, त्यामुळे ज्याचा वेल्डिंगचा हात बेताचाच होता त्यालाही १९३२ च्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल सांगाड्याला नीट जोडता येऊ लागला. प्रदर्शनातल्या लखलखीत गाड्यांपेक्षा या ब्रॅकेट-बोल्टांचे ऋण मोठे, असे मला वाटते. अ‍ॅलेक्स झिडियास यांचा वारसाही असाच टिकला. त्यांनी लढाऊ विमानाच्या जादा इंधनटाकीत इंजिन बसवून ती अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पळवली होती. त्यांचे १९४६ चे, मधल्या काळात बंद पडलेले 'सो-कॅल स्पीड शॉप' हे वेगवान गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान १९९० च्या दशकात पुन्हा उघडले तेही चापुरिस यांनीच.