जागलीच्या कुत्र्यांच्या मंडळाले कुठून अनुदान भेटते काय?

धुऱ्यावरचा_माणूस
राम राम मंडळी. मी वणी तालुक्यातला, कापूस-तूर पेरणारा माणूस. आमच्याकडं रोही अन् रानडुक्करं एका रात्रीत तूर साफ करते, म्हणून जागल आलीच. मचाणावर आपण अन् खाली दोन-तीन कुत्रे. कुत्रं नसलं तं नुसता टॉर्च काय कामाचा? डुक्कर बी आता टॉर्चले भेत नाही.

दिवाळीपासून आमच्या शिवारात कुत्रे मरून राह्यले. आधी डोळ्यात चिपडं, नाकातून पू, मंग खाणं बंद. शेवटी जबडा नुसता चावल्यावानी हलवते अन् फिट येते. फेस दिसला का लोकं म्हणते पिसाळलं, अन् काठी काढते. माझा चित्र्या असाच गेला. दवाखान्यातले साहेब म्हणाले डिस्टेंपर वाटते, म्हणजे कुत्र्याचा विषाणूचा साथीचा रोग, पण तपासल्याबिगर पक्कं सांगता येत नाही.

आता जागल करणारे आम्ही काहीजण मिळून मंडळ काढायच्या विचारात आहो. अमेरिकेत म्हणे कुत्र्यांच्या क्लबाले संशोधनासाठी अन् गावातल्या कामासाठी ग्रँट भेटते. आमाले पाहिजे काय तं लसीचं शिबिर, कुत्रे कशानं मरते याचा शोध, अन् कुत्रं चावलं तं काय करावं हे शाळेत सांगणं. अर्ज कोणाले करू? गावातले पुढारी म्हणते, "कुत्र्यासाठी कोण पैसे देते बे?"

तूरडाळ
सरपंचाले पकडा भाऊ. २०२३ च्या नियमानं भटक्या कुत्र्यांच्या लसी-नसबंदीची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे, त्यात ग्रामपंचायत येते. मंडळ-बिंडळ मागाहून करा.

जुना_पर्यवेक्षक
धुऱ्यावरचे भाऊ, मी पशुसंवर्धनात पर्यवेक्षक होतो. निवृत्तीनंतर प्राण्यांच्या एका संस्थेचे हिशेब पाहतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी अमेरिकेचं. तिथं केनेल क्लबचं कुत्र्यांच्या आरोग्याचं एक फाउंडेशन १९९५ पासून आहे. पण त्याच्या संशोधनाच्या पैशासाठी अर्ज करतात शास्त्रज्ञ, विद्यापीठातले. ब्रीडचे क्लब वर्गणी जमवून उलट त्या फाउंडेशनलाच देतात. म्हणजे संशोधनात क्लब बहुतेक देणारा असतो. आणि समजा बाहेरच्या कोणी तुम्हाला पैसे द्यायचे ठरवलेच, तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आडवा येतो. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले दिसले पाहिजेत. आपल्या मंडळानं ते डोक्यातून काढून टाकावं, हे माझं स्पष्ट मत.

कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे समाजकामासाठी काढून ठेवायच्या पैशाचं, वेगळं. कायद्याच्या यादीत प्राणिकल्याण लिहिलेलं आहे आणि कंपनीनं आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही आहे. तुमच्याकडं वेकोलिच्या कोळशाच्या खाणी उशाशी आहेत, तेव्हा विचारायला हरकत नाही. मात्र २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म, आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. नव्या मंडळाकडं यातलं काय असणार? म्हणून आधीच सगळे कागद असलेल्या संस्थेच्या नावानं प्रस्ताव टाका आणि गावातलं काम तुम्ही करा. फक्त कोण किती खर्च करणार ते आधी लिहून घ्या. तोंडी ठरलेल्या गोष्टीवरून मंडळं फुटताना मी पाहिली आहेत.

पशुकल्याण मंडळ म्हणून केंद्राचं एक आहे, १९६२ सालचं. त्याचं अनुदान मान्यताप्राप्त संस्थांना मिळतं, आज काढलेल्या मंडळाला नाही. नसबंदीच्या भानगडीत तर तुम्ही पडूच नका, त्याला त्या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

नोंदणी मात्र करून टाका. सात माणसं, घटना आणि यवतमाळच्या धर्मादाय कार्यालयाच्या चकरा. बँकेत खातं निघालं की माणसं वेगळ्या नजरेनं बोलतात.

तूरडाळ म्हणतो ते अर्धं खरं आहे. सरपंचाकडं जाच, पण तोंडानं नाही, लेखी. मासिक सभेत विषय घ्यायला लावा आणि ठरावाची नक्कल मागा. पुढच्या प्रत्येक अर्जाला तीच नक्कल जोडायची आहे.

आणि सगळ्यात आधी एक वही घाला. कुत्रं कोणाचं, वय, लस कधी दिली, आजाराचा पहिला दिवस, काय-काय दिसलं, कधी मेलं. अमेरिकेत २०१२ ला गोल्डन रिट्रीव्हरचा एक अभ्यास सुरू झाला, तीन हजारांवर कुत्रे. त्यातही कुत्रेवाल्यांचं काम मुख्यतः हेच, दरवर्षी डॉक्टरकडून तपासून घ्यायचं आणि माहिती भरून द्यायची. तुमच्या शिवारातल्या वहीला पैसा लागत नाही. वही नसेल तर आजाराचा शोध घेणारे व्हेटर्नरी कॉलेजवाले तुम्हाला गंभीरपणे घेणार नाहीत.

नागपूर_व्हेट_पीजी
काकांचं बरोबर आहे. मी सेमिनरी हिल्सच्या कॉलेजमध्ये एम.व्ही.एस्सी. करतोय. आम्हाला प्रबंधासाठी विषय हवेच असतात आणि गावाकडच्या कुत्र्यांचे नमुने मिळत नाहीत, कारण तिथं पोहोचवणारं कोणी नसतं. विभागप्रमुखांना पत्र लिहा, वहीची झेरॉक्स जोडा. अकोल्याची संस्थाही आमच्याच विद्यापीठाची आहे, तिथंही विचारा.

आजारी कुत्र्याच्या डोळ्याचा-नाकाचा स्वॅब डॉक्टरांकडून घेऊन बर्फात पाठवला तर पीसीआरनं डिस्टेंपर कळतो. मेलेल्या कुत्र्याला उघड्या हातानं शिवू नका. डोक्याला तर अजिबात नाही, रेबीज नाहीच असं नुसतं बघून कोणी सांगू शकत नाही. आणि फिट आलेल्या कुत्र्याला काठी घालण्याऐवजी दुरून बंद करून डॉक्टरांना बोलवा. चावलंच कोणाला तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि लगेच आरोग्य केंद्रात जायचं. शाळेत एवढं सांगितलं तरी पुरे.

शिबिर घेताना लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. डिस्टेंपरची लस जिवंत विषाणूची असते, उन्हात बॅग पडली की टोचलेली न टोचलेली सारखीच. तुमच्याकडं लाइट जाते, म्हणून गावातल्या फ्रिजच्या भरवशावर राहू नका. रेबीजची लस पिलांना तीन महिन्यांपासून देतात. गावातल्या कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना ती मिळाली तर साखळी तुटते, म्हणून घराघरांतली कुत्रीही धरा, फक्त शेतातली नाही.

धुऱ्यावरचा_माणूस
लय उपकार झाले जी. वही कालच घातली. आमची पोरगी लिहून राह्यली, माझं अक्षर कोणाले लागत नाही. सरपंच म्हणते ठराव घेऊ, पण "जागलीचे कुत्रे" नाही, "गावातील कुत्रे" लिहा. चालते काय?

अन् काका, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूनं बिबट बी येते आमच्याकडं. कुत्र्याचा हा रोग त्याले लागते काय?

जुना_पर्यवेक्षक
"गावातील" लिहा, बरं आहे. जागलीचे म्हटलं की बाकीचे म्हणतील आमचा काय संबंध.

लागतो. २०१८ ला गीरमधल्या सिंहांना हाच विषाणू सापडला होता. वनविभागालाही एक पत्र द्या आणि त्यात ही ओळ सगळ्यात वर टाका. तुमच्या कुत्र्यासाठी नसेल, पण वाघ-बिबट्याचं नाव निघालं तर साहेब पत्र वाचतात. सात नावं ठरली की घटनेचा मसुदा इथंच टाका, मी पाहून देतो. खजिनदार सरपंचाच्या घरचा नको.