शाळा सुटल्यावरचे वाचनालय : आपले अनुभव लिहा

सार्वजनिक वाचनालयांत शाळेनंतर चालणाऱ्या बालवाचन उपक्रमांविषयी चालक, पालक आणि पूर्वीच्या बालवाचकांनी सविस्तर लिहावे. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचे सोहळे कृपया वगळावेत. एरवी वर्षभर काय चालते, ते जाणून घ्यायचे आहे.

सेवानिवृत्त शिक्षिका, सांगली जिल्हा
वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश मुलांकडून वहीत लिहून घ्यावा, असा पालकांचा आग्रह होता. ती वही मी सुरूच केली नाही आणि माझ्या मते मुले टिकली ती त्यामुळेच. बालभारतीतर्फे 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने बांधीव अंक कपाटात पडून होते, ते सतरंजीवर मांडले. त्यांतली कोडी कोणा जुन्या वाचकाने पेनाने सोडवून ठेवली होती. त्यातले एक उत्तर चुकले आहे हे मित्रांना पटवण्यासाठी पाचवीतला एक मुलगा ते कोडे पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचू लागला. वर्गात वाचायला सांगितले की हाच मुलगा मान खाली घालून उभा राहतो, असे त्याच्या आईकडून नंतर कळले.

ग्रंथपाल, ‘क’ वर्ग वाचनालय, मराठवाडा
1967 च्या ग्रंथालय कायद्याखालील मान्यतेमुळे आम्हाला अनुदान मिळते, पण ते वर्गवारीनुसार. ‘क’ वर्गाच्या रकमेत बालविभागासाठी वेगळा माणूस ठेवणे परवडत नाही. त्याहून मोठी अडचण शिकवणीची आहे. शाळा आणि शिकवणी यांमधल्या अर्ध्या-पाऊण तासात मुले येतात, म्हणून एका बैठकीत संपतील अशीच पुस्तके मी पुढच्या फळीवर ठेवतो.

पालक, न्यू जर्सी
येथे मुले प्रशिक्षित कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवतात. या पद्धतीचा संघटित उपक्रम 1999 मध्ये सॉल्ट लेक सिटीत सुरू झाला. मला हे प्रथम थिल्लर वाटले होते, परंतु इंग्रजी वाचताना अडखळणारी माझी मुलगी तेथे निःसंकोच वाचते, कारण ऐकणारा उच्चार सुधारायला येत नाही. मराठी पुस्तक मात्र घरूनच न्यावे लागते.

कार्यकर्ती, रत्नागिरी जिल्हा
वाडीवरच्या मुलांना शाळा सुटताच एसटी गाठावी लागते. ती चुकली तर घरी पोहोचायला अंधार होतो. त्यामुळे संध्याकाळचा उपक्रम आमच्याकडे बाजारपेठेतल्या मुलांपुरताच उरला होता. आता पुस्तकांची पेटी वाडीवरच्या अंगणवाडीत ठेवतो आणि दर महिन्याला बदलतो. पुस्तके फाटतात, काही परतही येत नाहीत. कार्यकारिणीत त्यावरून वाद होतात, तरी पेटी बंद केलेली नाही.