मदत हवी आहे : भावासाठी पाठपुरावा करताना स्वतः कसे टिकावे?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून लिहीत आहे. माझ्या 19 वर्षांच्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे आणि आईचे गुडघे गेल्यापासून त्याला उचलणे, भरवणे व त्याच्या कागदपत्रांमागे फिरणे हे सारे माझ्याकडे आले आहे. दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले. परंतु संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान आधार-जोडणीत अडकले असून, ऐन कापूस वेचणीत वावर सोडून तालुक्याला गेल्यावर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ एवढेच ऐकून परतावे लागते. (तो दौरा आमच्या गावाकडे कधी वळत नाही, हे वेगळे.)

हा थकवा शरीराचा असता, तर झोपेने गेला असता. आता मी भावावरच खेकसू लागले आहे, याची मला भीती वाटते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. त्यासाठी विदर्भात कोणी अर्ज केला आहे का? अर्जाची लेखी पोच हातात पडेपर्यंत आपण कसे अडून बसलात? आणि महिन्यातून निदान एक दिवस भावाला विश्वासाने कोणाकडे सोपवावे, तेही ‘बहीण कंटाळली’ असे गावाने न म्हणता?