शब्दचर्चा : ‘ऑप्टोमोटर रिस्पॉन्स’ला ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणावे का?

शब्दखूण
कीटकांच्या दृष्टीवरच्या पाठात ‘ऑप्टोमोटर रिस्पॉन्स’ आला आहे. उभ्या पट्ट्यांचा पिंप माशीभोवती फिरवला की माशीही त्याच दिशेने वळते, ती ही क्रिया. ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ लिहिले तर चालेल का? शिवाय ‘ऑप्टिक फ्लो’ला, म्हणजे कीटक पुढे जाताना डोळ्यावर प्रतिमा सरकत जाते त्याला, ‘दृश्यप्रवाह’ बरा की ‘दृक्प्रवाह’?

दृक्पाली
‘प्रतिक्षिप्त’ नको. चटका बसताच हात मागे येतो, त्यात मेंदूला विचारावे लागत नाही, हा अर्थ वाचकाच्या मनात शाळेपासून पक्का आहे. इथे सगळा हिशेब मेंदूत होतो. फळमाशीच्या एका डोळ्यात साधारण ७५० ते ८०० नेत्रिका (संयुक्त डोळ्याचे छोटे घटक) असतात आणि प्रत्येक नेत्रिकेत ८ प्रकाशग्राही पेशी. पैकी पहिल्या सहा मुख्यतः हालचालीसाठी, उरलेल्या दोन मुख्यतः रंगासाठी. पण प्रकाशग्राही पेशीला दिशा कळत नाही. आपल्या वाट्याच्या ठिपक्यात उजेड वाढला की घटला, एवढेच ती सांगते.

दिशा ठरते ती पुढे, दृक्पालीत, म्हणजे मेंदूच्या डोळ्यालगतच्या भागात. शेजारच्या दोन ठिपक्यांचे संकेत घ्यायचे, एकाला किंचित उशीर लावायचा आणि मग दोन्ही एकत्र आणायचे. वस्तू विशिष्ट दिशेने सरकत असेल तरच ते एका वेळी पोचतात आणि उत्तर जोरदार येते. हे प्रारूप हासेनस्टाइन आणि राइखार्ट यांनी १९५६ मध्ये क्लोरोफॅनस नावाच्या भुंगेऱ्याच्या वळण्यावरून मांडले. फळमाशीत हे काम टी४ (उजळ कडा) आणि टी५ (गडद कडा) या पेशी करतात. दोन्हींचे चार-चार उपप्रकार आहेत, चार दिशांसाठी. त्यांची बेरीज करणाऱ्या मोठ्या पेशींकडून संदेश वक्षातल्या गुच्छिकांकडे (चेतापेशींच्या गाठींकडे) जातो आणि तिथून पंखांच्या व पायांच्या स्नायूंकडे.

नाकतोडा
निष्कर्ष मान्य, कारण मान्य नाही. उजेड पडला की बाहुली आकसते. तो मार्गही मेंदूतूनच जातो, तरी ती क्रिया आपण प्रतिक्षिप्तच मानतो. विचारायचे ते हे की दृश्य तेच असताना उत्तर दर वेळी तेच येते का?

इथे १९५० चा फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांचा प्रयोग उपयोगी पडतो. एरिस्टॅलिस माशीचे डोके १८० अंशांत फिरवून तसेच पक्के केले, म्हणजे डाव्या-उजव्या डोळ्यांची अदलाबदल झाली. पिंप फिरवला तर माशी उलट दिशेने वळते, हे अपेक्षितच. पण पिंप स्थिर ठेवून तिला आपणहून चालू दिले, तर ती गोल गोल फिरत राहते. स्वतः वळताना मेंदू हा प्रतिसाद नुसता बंद ठेवत असता, तर असे झाले नसते. ‘मी वळले की दृश्य अमुक दिशेला सरकेल’ अशी अपेक्षा आधीच असते आणि प्रत्यक्ष दृश्य तिच्याशी ताडून पाहिले जाते, असा अर्थ त्यांनी लावला. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. ‘प्रतिक्षिप्त’ शब्दात ही अपेक्षा कुठेच बसत नाही. ‘दृक्चालक प्रतिसाद’ लिहा.

शब्दखूण
आणि झटकन उडून जाणे? ते तरी प्रतिक्षिप्त ना?

नाकतोडा
तिथेही जपून. अंगावर येणारी वस्तू डोळ्यात आधी हळू, मग शेवटच्या क्षणी एकदम मोठी होते. दृक्पालीतल्या एलपीएलसी२ या पेशीच्या शाखा चार दिशांना पसरलेल्या असतात आणि प्रत्येक शाखा बाहेरच्या बाजूला जाणारी गतीच टिपते. म्हणून मध्यापासून चहूकडे फुगणाऱ्या आकृतीला ती जोरात उत्तर देते, एका बाजूला सरकणाऱ्या आकृतीला नाही. तिचा संदेश ज्या महाचेतातंतूला मिळतो, त्याने वेळेत संकेत दिला तर माशी पंख न सावरताच उडी मारते. तो संकेत उशिरा आला किंवा आलाच नाही, तर आधी पंख उचलून मग सावकाश झेपावते. शिवाय धोका कुठून येतो ते पाहून ती उडण्याआधीच पाय हलवून बसण्याची ठेवण बदलते. या सगळ्याला ‘पलायन प्रतिसाद’ योग्य.

मधमाशी
‘दृक्प्रवाह’च घ्या. ‘दृश्यप्रवाह’ म्हटले की चित्रफीत आठवते, आणि इथे दृश्य जागेवरच असते. कीटक पुढे गेल्याने डोळ्यावरची प्रतिमा मागे सरकते. मधमाशी अंतर यावरूनच मोजते. अरुंद, नक्षीदार बोगद्यातून काही मीटरच उडाली, तरी पोळ्यावर परतून ती लांबच्या अंतराचा नाच करते (नाचातूनच ती इतर माश्यांना अंतर सांगते), कारण भिंती जवळ असल्याने प्रवाह जोरदार असतो. भिंतींवर उडण्याच्या दिशेला समांतर आडवे पट्टे असतील, तर प्रवाह जवळपास उरत नाही आणि अंतराचा अंदाजही येत नाही.

दृक्पाली
एक दुरुस्ती सुचवतो. ‘मोशन डिटेक्टर’ला पाठात ‘वेगमापक’ लिहिले असेल तर ‘गतिसंवेदक’ करा. वरच्या प्रारूपाचे उत्तर नुसत्या वेगावर अवलंबून नसते. सेकंदाला किती पट्टे समोरून जातात यावरही ठरते. त्यामुळे वेग तोच ठेवून पट्ट्यांची रुंदी बदलली तरी उत्तर बदलते.

प्रयोगाची कृती देणार असाल तर पट्ट्यांचे मापही द्या. फळमाशीच्या शेजारच्या नेत्रिकांमधला कोन सुमारे ५ अंश असतो. एक काळा आणि एक पांढरा पट्टा मिळून १० अंशांपेक्षा कमी झाले, तर संवेदकाला गती उलटी भासते आणि माशी पिंपाच्या विरुद्ध दिशेला वळू लागते. ३० अंशांची जोडी घेतली तर ही अडचण येत नाही. पिंपाऐवजी पडदा वापरायचा असेल, तर सेकंदाला ६० चित्रांचा साधा पडदा नको. आपल्याला सलग दिसणारे ते चित्र माशीला लुकलुकताना दिसते आणि मोजलेला प्रतिसाद पट्ट्यांचा की लुकलुकीचा, हे सांगता येत नाही.