लोकप्रशासनात पीएचडी: नोंदी, मुलाखती की सर्वेक्षण?

फायलीतला_उंदीर: पुढे विद्यापीठात शिकवायचंय. प्रबंधाचा विषय: परवाने देण्यातला विलंब. हातात तीनच वर्षं, सर्वेक्षणाला पैसे नाहीत. कार्यालयीन नोंदी घेऊ की मुलाखती? एकसंध प्रबंध की तीन शोधनिबंध?

संख्याप्रेमी: सर्वेक्षणच करा. चारशे प्रश्नावल्या भरून घ्या. आकडेमोड येत नसेल तर नोकरीला कुणी विचारत नाही.

तळटीप: अहो, पैसे नाहीत म्हणतायत ते! शिवाय 'साहेब कसे आहेत' आणि 'काम कसं चालतं' हे दोन्ही एकाच कर्मचाऱ्याला विचारलं की सहसंबंध (दोन उत्तरांमधलं आकडेवारीतलं नातं) उगाच फुगतो. साहेबावर खूश असलेला दोन्हीकडे सढळ गुण देतो. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात. नोंदी घ्या: आवक तारीख ते परवाना निघाल्याची तारीख. फक्त एक बघा. त्रुटी काढून परत पाठवलेल्या अर्जाला दुसऱ्यांदा नवा आवक क्रमांक पडत असेल, तर जुने दिवस मोजणीतून गायब होतात. असे अर्ज जोडल्याशिवाय सरासरी काढू नका.

दोन्ही_दगडांवर: लोकप्रशासन कशाला? व्यवस्थापन विभागात जा, मागणी तिथे आहे.

जुनी_नस्ती: वेगळं काय त्यात? प्रशासन हे धंद्यासारखं क्षेत्र आहे, असं पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सनने १८८७ मध्येच लिहून ठेवलंय. सरकारी कामात खासगी व्यवस्थापनाच्या पद्धती आणायच्या, याला 'नवीन लोकव्यवस्थापन' हे नाव अभ्यासक क्रिस्टोफर हूडच्या १९९१ च्या लेखाने रुळलं, एवढंच.

दोन्ही_दगडांवर: विल्सन पगार देतो का?

शिक्कामोर्तब: आधी परवानगी! पत्र अधिकाऱ्याच्या नावाने नको, पदनामाने घ्या. बदली झाली की नवे साहेब 'मला माहीत नाही' म्हणून मोकळे. कोणत्या नोंदी, कोणता कालावधी, नावं कशी झाकणार, सगळं त्यातच लिहा.

बोरूबहाद्दर: +१ सर्वेक्षण.

तिसरा_मसुदा: तीन निबंध. पण एक तरी एकट्याच्या नावावर हवा, नाहीतर निवड समिती विचारते, यात तुमचं काय? पहिला निबंध दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पाठवा, परीक्षणात महिनेच्या महिने जातात. 'अमुक कार्यालयात विलंब होतो' एवढंच लिहिलंत तर संपादकाच्या टेबलावरूनच परत. विलंब का टिकतो, हा प्रश्न हवा.

फायलीतला_उंदीर: आभार. एकाच कार्यालयात बसून टेबलागणिक निरीक्षण करतो. एकसंध प्रबंध.

संख्याप्रेमी: एका कार्यालयावरून काय सिद्ध होणार?

तळटीप: करा काय ते. पण आवक नोंदवहीचे फोटो काढायची मुभा त्या पत्रात आत्ताच घालून घ्या.