मदत हवी आहे: स्टाउरहेडच्या बागेत वसंतातली फेरी, गुडघेदुखी असलेल्यांना झेपेल का?

रानवाटा:
इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातल्या स्टाउरहेडला लंडनहून एका दिवसात जाऊन यायचं आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा आणि बाबागाडीतलं बाळ. आईला उतार आणि पायऱ्या सोसत नाहीत. फुलांसाठी एप्रिलअखेर बरा की मे? तळ्याची फेरी पूर्ण होईल का? गाडी नाही, ट्रेनने जमतं का?

पानगळ:
मेचा पहिला-दुसरा आठवडा धरा. डॅफोडिल आणि बरेचसे मॅग्नोलिया तोवर संपलेले असतात, पण इस्टेटच्या जंगलातले ब्लूबेल अजून टिकून असतात आणि तळ्याकाठचे ऱ्होडोडेंड्रॉन, अझेलिया फुलायला लागलेले असतात. दोन्ही एकत्र मिळण्याचा काळ छोटा, आणि थंडी लांबली तर तोही पुढे सरकतो. म्हणून निघण्याच्या आठवड्यात इस्टेटच्या संकेतस्थळावर काय फुललंय ते बघा, मगच तिकिटं काढा.

चढउतार:
तळ्याची फेरी तशी छोटीच आहे. अडचण अंतराची नाही, उताराची आहे. बहुतेक लोक वाड्याच्या बाजूने बागेत शिरतात आणि तिथून तळ्यापर्यंत चांगलाच उतार आहे. आईंचे गुडघे तिथेच बोलायला लागतील. त्याऐवजी स्टाउर्टन गावाकडच्या, स्प्रेड ईगल या जुन्या खानावळीजवळच्या दाराने आत जा. ते जवळपास तळ्याच्या पातळीला आहे. वाहनतळ मात्र वर आहे, तेव्हा टॅक्सीवाल्याला गावाच्या दाराशीच सोडायला आणि तिथूनच न्यायला सांगा. तिकीट तिथे मिळेल की आधी काढावं लागेल आणि बग्गी (लोकांना ने-आण करणारी छोटी गाडी) त्या दिवशी चालू आहे का, हे फोनवर विचारून घ्या.

दारातून आत आल्यावर तळं डाव्या हाताला ठेवून चाला. आधी फ्लोराचं मंदिर, मग पलीकडच्या काठावर ग्रोटो, म्हणजे दगडात रचलेली गुहा. आत अंधार, ओल आणि उंचसखल पायऱ्या आहेत. बाबागाडी आणि आई दोघांनीही बाहेरच्या वाटेने जावं. पुढे पँथिऑन, म्हणजे घुमटाचं मंदिर. तिथे निवांत बसा, सगळ्या फेरीत थांबण्यासारखी जागा हीच. नंतर लोखंडी पूल आणि बांध. हा बांध १७५०च्या दशकात घातला, म्हणजे हे तळं निसर्गाने दिलेलं नाही. बँकर हेन्री होअर आणि वास्तुकार हेन्री फ्लिटक्रॉफ्ट यांनी प्रत्येक वळणावर एकेक दृश्य उघडावं अशी ही बाग रचली. म्हणून घाई करू नका, वळणावर थांबून मागेही बघा.

बांधानंतर अपोलोच्या मंदिराकडे चढणारी वाट सोडून द्या. ती खरी खडी आहे. काठाची खालची वाट धरली की परत गावाच्या दाराजवळच्या दगडी पुलापाशी येता. बाबांना चढायचंच असेल तर त्यांनी एकट्याने जावं, वरून अख्खं तळं दिसतं.

रस्ता खडीचा आहे. छोट्या प्लास्टिक चाकांची बाबागाडी खडीत रुतते, मोठ्या चाकांची न्या. फेरीच्या मध्ये शौचालयाचा भरवसा नाही. आत शिरण्याआधीच उरकून घ्या.

सिग्नल:
ट्रेन लंडन वॉटर्लूहून एक्झिटरकडे जाणारी, उतरायचं गिलिंगहॅम, डॉर्सेट. तिकीट काढताना डॉर्सेट लिहिलेलं आहे ना ते बघा. त्याच स्पेलिंगचं दुसरं स्टेशन केंटमध्ये आहे, आणि ते पार उलट्या दिशेला. प्रवास साधारण दोन तासांचा. स्टेशनपासून इस्टेट दहा-अकरा किलोमीटर. टॅक्सी जाण्यायेण्याची, दोन्ही वेळची, आधीच ठरवा. रविवारी रुळांची दुरुस्ती निघते आणि ट्रेनऐवजी बस देतात, त्यामुळे आठवड्याच्या मधला वार बरा.

रानवाटा:
खूप आभार. पूजेसाठी खाली पडलेली फुलं घेतली तर चालेल का, असं आई विचारतेय. आणि किंग आल्फ्रेडचा मनोरा जवळच आहे ना?

पानगळ:
काही तोडू नका. ब्लूबेलवर तर पाऊलही पडू देऊ नका. पानं चिरडली की कंदाला पोषण मिळत नाही, आणि तो ताटवा सावरायला वर्षं लागतात. ब्लूबेलचे कंद विषारी असतात, ऱ्होडोडेंड्रॉनची पानंफुलंही. त्यामुळे गळलेलं फूलसुद्धा बाळाच्या हाती देऊ नका, ते थेट तोंडात जाईल. उंच गवतात गोचिड्या असतात. पायमोजे, पूर्ण पँट आणि घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत नीट बघणं. पराग-ॲलर्जी असेल तर गोळी जवळ ठेवा, बर्चचे पराग त्या सुमाराला हवेत असतात.

चढउतार:
मनोरा जवळ नाही. वाड्यापासून तीनेक किलोमीटर चालावं लागतं, वर २०५ पायऱ्या, आणि तो ठरावीक दिवशीच उघडा असतो. या वेळी सोडा.

एक फोटोचं सांगतो. गावाच्या दारापाशी, ब्रिस्टल क्रॉस या जुन्या दगडी स्तंभाजवळ उभं राहून पुलापलीकडे पँथिऑन दिसतं. ते पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळचं ऊन त्याच्या अंगावर येतं. दुपारनंतर सूर्य त्याच्या मागे जातो. वारा पडलेला असेल तर पाण्यात प्रतिबिंबही मिळतं. पहिली ट्रेन धरा आणि फोटो फेरीआधीच काढा.