इंग्रजीत नियमच नाहीत, हे विधान मागे घ्यावे

रानजाई:
‘काजवा’ यांनी गेल्या आठवड्यात येथे लिहिले की इंग्रजी ही बेशिस्त भाषा आहे, प्रत्यय लागला की उच्चाराला धरबंध राहत नाही, आणि म्हणून मुलांकडून एकेक शब्द पाठ करून घेण्याला पर्याय नाही. हे विधान चुकीचे तर आहेच, शिवाय शिकणाऱ्याचे नुकसान करणारे आहे.

त्यांचेच उदाहरण घेऊ. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, पहिल्या अक्षरावर, ‘फटॉग्रफी’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘फोटग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर पडतो. ‘-इक’ हा प्रत्यय आघात आपल्या लगतच्या आधीच्या अक्षरावर ओढून घेतो, म्हणून ‘ॲटम’चे ‘अटॉमिक’ होते. आणि ज्या अक्षरावरून आघात उठतो तिथला स्वर बहुतेकदा पुसट होतो. उलट ‘-नेस’ आणि ‘-लेस’ मूळ शब्दाला धक्का लावत नाहीत. पहिल्या गटातले प्रत्यय ग्रीक-लॅटिनमधून, बरेचसे फ्रेंचच्या वाटेने आले. दुसऱ्या गटातले जुन्या इंग्रजीचे घरचे आहेत. उपसर्गांतही हीच फाळणी दिसते. लॅटिन ‘इन्-’ पुढच्या वर्णाशी जुळवून घेतो आणि ‘इम्पॉसिबल’, ‘इलीगल’, ‘इरेग्युलर’ असे शब्द घडतात. घरचा ‘अन्-’ मात्र ‘अनलॉफुल’मध्ये जसाच्या तसा राहतो. ‘इलीगल’ आणि ‘अनलॉफुल’ यांचा अर्थ जवळजवळ एक आहे, पुढचा वर्णही ‘ल’च आहे, तरी वागणूक वेगळी, कारण उपसर्गाचे कूळ वेगळे.

याहून मोठी गोष्ट अशी की ध्वनी कधी कधी शब्द घडूच देत नाही. ‘ब्लॅकन’, ‘व्हाइटन’, ‘रेडन’ ही क्रियापदे आहेत, पण ‘ग्रीन’ आणि ‘ब्लू’ यांपासून तशी क्रियापदे होत नाहीत, कारण हा ‘-अन’ प्रत्यय स्पर्श (‘क’, ‘ट’, ‘ड’सारख्या) किंवा घर्षक (‘फ’, ‘स’सारख्या) व्यंजनाने संपणाऱ्या शब्दांनाच लागतो. ‘लाँग’ उच्चारात ‘ङ’ या अनुनासिकाने संपतो, त्याला तो लागत नाही. ‘लेंग्थ’ला लागतो आणि ‘लेंग्थन’ होते. ज्या भाषेत शेवटच्या व्यंजनावरून शब्दाचा जन्म ठरतो, तिला बेशिस्त कसे म्हणता येईल?

काजवा:
आपण सोयीची उदाहरणे वेचली आहेत. ‘अ‍ॅरबिक’, ‘कॅथलिक’ आणि ‘लूनटिक’ हे तिन्ही शब्द ‘-इक’ने संपतात आणि तिन्हींत आघात पहिल्या अक्षरावर आहे. ‘डिव्हाइन’चे ‘डिव्हिनिटी’ होताना स्वर ऱ्हस्व होतो, ‘सेन’चे ‘सॅनिटी’ होतानाही होतो, मग ‘ओबीस’चे ‘ओबीसिटी’ होताना का होत नाही? अपवाद पाठ करावेच लागणार असतील, तर नियम आणि अपवाद असे दुहेरी ओझे मुलांच्या डोक्यावर कशासाठी ठेवायचे?

निवृत्त मास्तर:
रानजाईताई, मी आयुष्यभर ग्रामीण शाळेत इंग्रजी शिकवले आहे. माझा एक हुशार विद्यार्थी एका मुलाखतीत ‘वॉक्ट’ऐवजी ‘वॉकेड’ म्हणाला, तेव्हा समोरची माणसे एकमेकांकडे पाहून हसली आणि पुढची सगळी उत्तरे त्याने मान खाली घालून दिली. आपल्या मराठीत शब्दाचा अर्थ आघाताने बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ते ओझे अनोळखी आहे. आपले इंग्रजी आपल्या लयीत बोलले जाते आणि समजले जाते. जे नियम कळले नाहीत म्हणून माणसाला खाली मान घालायला लावतात, त्यांचे कौतुक माझ्याने होणार नाही.

रानजाई:
मास्तर, त्या मुलाला हसणाऱ्यांचा मला आपल्याइतकाच संताप आहे. परंतु त्याला कोणी एकदा सांगितले असते की आधी अघोष ध्वनी, म्हणजे ‘क’, ‘प’सारखा कंठ न थरथरता निघणारा, असेल तर ‘ट’, घोष, म्हणजे ‘ग’, ‘ब’सारखा कंठ थरथरून निघणारा, असेल तर ‘ड’, आणि शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तरच ‘इड’, म्हणजे ‘वॉक्ट’, ‘बेग्ड’, ‘वाँटिड’, तर शेकडो क्रियापदे त्याच्या हाती आली असती. नियम त्याच्यापासून लपवला गेला, हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

टिपणवही:
काजवा, आपण ज्याला बेशिस्त म्हणता ते मराठीतही घडते. ‘मीठ’चे ‘मिठाला’, ‘फूल’चे ‘फुलाला’, ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होताना उपान्त्य स्वर ऱ्हस्व होतो. तत्सम ‘दूत’चे मात्र ‘दूताला’ आणि ‘रूप’चे ‘रूपाला’. घरच्या झालेल्या शब्दांची रीत एक, संस्कृतातून जशाच्या तशा आणलेल्या शब्दांची दुसरी. इंग्रजीशी हे साम्य आपल्याला खटकत का नाही?

काजवा:
खटकते, फार खटकते! १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी ही तत्समांची सवलत कागदावर टिकवली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे गुण कापले गेले. चौथीत माझ्या बहिणीच्या निबंधावर लाल शाईशिवाय काही उरले नव्हते. ती आज उत्तम बोलते, पण मराठीत दोन ओळी लिहायला कचरते. ऱ्हस्व-दीर्घाचे जोखड काढून टाका, असे मी येथे अनेकदा लिहिले आहे.

टिपणवही:
आपण दोन वेगळ्या गोष्टी एक करत आहात. ‘मिठाला’मधला ऱ्हस्व स्वर शाळेत न गेलेल्या आजीच्या तोंडीही आहे, ‘दूताला’मधला दीर्घ बहुतेकांच्या फक्त लेखणीत आहे. पहिला नियम जिभेचा, दुसरा कागदाचा. जोखड दुसऱ्याचे आहे, पहिल्याचे नाही.

निवृत्त मास्तर:
जोखड म्हणणे मला मान्य नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला भेद लेखनानेच राखला आहे. तो सोडला तर उद्या काय काय सोडणार?

काजवा:
मास्तर, इंग्रजीच्या आघाताला ओझे म्हणणारे आपणच, आणि मराठीच्या वेलांटीचे रखवालदारही आपणच! मुलांच्या बाजूने उभे राहायचे तर दोन्हीकडे उभे राहा.

रानजाई:
टिपणवहींनी केलेला भेदच माझ्या मूळ मुद्द्याला लागू आहे. भाषा-अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून ‘वग’ हा बनावट शब्द सांगितला. बहुतेक मुलांनी त्याचे अनेकवचन अचूक, घोष ध्वनी लावून ‘वग्ज’ असे केले. कधीच न ऐकलेला शब्द कोणी पाठ केलेला नसतो. हा जिवंत नियम. ‘डिव्हाइन–डिव्हिनिटी’ची गोष्ट निराळी आहे. तिथे ‘डिव्हिनिटी’तला दीर्घ स्वर आधीच ऱ्हस्व झाला होता. पुढे पंधराव्या शतकापासून इंग्रजीचे उरलेले दीर्घ स्वर सरकत गेले आणि जोडीतले अंतर वाढले. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले या भाषाशास्त्रज्ञांनी १९६८ साली अशा जोड्याही नियमात बसवल्या, पण ‘ओबीसिटी’सारखे शब्द तिथे अडतात, एवढे मी मान्य करते.

काजवा:
म्हणजे अर्धे विधान माझे खरे ठरले. ‘ब्लॅकन’ आणि ‘ग्रीन’चे उदाहरण मला खोडता आलेले नाही, म्हणून ‘नियमच नाहीत’ यातला ‘च’ मी काढतो. त्याहून जास्त काही मागे घेत नाही. ‘-इटी’च्या जोड्या मुलांना पाठच करू द्या.

निवृत्त मास्तर:
आणि ‘वॉक्ट’चा नियम पाचवीच्या वर्गात जरूर सांगा. मात्र तोंडी परीक्षेत ‘वॉकेड’ म्हटले म्हणून कोणाचाही गुण कापू नका. या अटीवरच मी रानजाईताईंच्या बाजूला आहे.